पहिली एअर रायफल घेताय? पैसे भरण्याआधी हे वाचा

अकरावीत असताना मी पहिली एअर रायफल घेतली. दोन आठवडे रोज रात्री यूट्यूबवर रिव्ह्यू बघितले, वेगाचे आकडे वहीत उतरवले आणि माझ्या बजेटमधली सगळ्यात ‘पॉवरफुल’ निवडली. वर दुर्बीणही लावून घेतली. पहिल्याच दिवशी रेंजवर मॅडमनी ती हातात घेतली, फिरवून बघितली आणि शांतपणे विचारलं, “अरे, तुला नक्की काय शिकायचंय?”

मग त्यांनी मला क्लबच्या जुन्या मॅच रायफलने पाच शॉट मारायला लावले आणि पाच माझ्या नव्या रायफलने. क्लबच्या रायफलचे पाचही शॉट एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जात होते. माझ्या रायफलचे पाच झाकायला तळहात लागला असता. हात तेच, डोळा तोच, अंतर तेच १० मीटर. मग फरक कुठे पडला? हा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे.

थोडक्यात उत्तर आधीच देतो: शिकण्यासाठीची रायफल ताकदीवर निवडायची नसते. ती तुमच्या अंगाला बसते का आणि प्रत्येक शॉट आधीच्या शॉटसारखाच मारू देते का, एवढंच बघायचं असतं. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

आधी खेळ समजून घ्या

आपल्याकडे शूटिंगची सुरुवात बहुतेक वेळा १० मीटर एअर रायफलने होते. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. २०१२ मध्ये लंडनला गगन नारंगचं कांस्य याच प्रकारातलं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला विश्वविजेता झाला, तोही यातच.

इथे बऱ्याच जणांचा एक गोंधळ होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला जिंकलेलं कांस्य ५० मीटर थ्री पोझिशनमधलं आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली ती ५० मीटर प्रोनमध्ये. त्या रायफलमध्ये पॉइंट टू-टूचं काडतूस लागतं. ते अग्निशस्त्र आहे, त्याला परवाना लागतो. ती पायरी नंतरची. पहिली रायफल म्हणजे एअर रायफलच.

१० मीटरचं टार्गेट केवढं असतं बघा:

- संपूर्ण टार्गेटचा व्यास ४५.५ मिलिमीटर.
- मधला काळा भाग ३०.५ मिलिमीटर.
- दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटर, म्हणजे पेनाने टेकवलेल्या टिंबाएवढा.
- पात्रता फेरीत ६० शॉट, ७५ मिनिटं. गुण दशांशात मोजतात, एका शॉटचे जास्तीत जास्त १०.९. एकूण कमाल ६५४.

आता जरा गणित करू. रायफल साधारण एक मीटरभर लांब असते. बट खांद्याला स्थिर आहे आणि नळीचं तोंड फक्त १ मिलिमीटर हललं, तर १० मीटरवर छर्रा जवळपास १ सेंटीमीटर सरकतो. दोन रिंगांमधलं अंतर २.५ मिलिमीटर. म्हणजे १ मिलिमीटरच्या चुकीत तुम्ही दहावरून थेट सहाच्या आसपास पोचता. या खेळात ताकद कशाला लागेल? समोर कागद आहे, तो फाडायला फार जोर लागत नाही. लागतो तो स्थिरपणा.

‘एफपीएस’चा सापळा

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात एफपीएस लिहिलेलं असतं, म्हणजे छर्रा सेकंदाला किती फूट जातो. १००० एफपीएस ऐकलं की भारी वाटतं. मलाही वाटलं होतं.

ऑलिंपिक दर्जाच्या एअर रायफलचा वेग मात्र साधारण १७० ते १७५ मीटर प्रतिसेकंद असतो, म्हणजे ५६० ते ५७५ एफपीएस. जगातले सगळ्यात अचूक नेमबाज ‘हजार’च्या जवळपासही जात नाहीत.

वेगाला कायद्याची बाजूसुद्धा आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरची आणि २० जूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल विनापरवाना घेता येते. यातली एकही हद्द ओलांडली तर परवाना लागतो. मॅच रायफलचा ०.५३ ग्रॅमचा छर्रा १७५ मीटरच्या वेगाने गेला तर ऊर्जा साधारण ८ जूल भरते. तोच छर्रा खरोखर १००० एफपीएसने गेला तर ती जवळपास २५ जूल होते, म्हणजे हद्दीच्या बाहेर! जाहिरातीतला आकडा बरेचदा खूप हलक्या छर्र्यावर मोजलेला असतो, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. दुकानदाराला एफपीएस विचारू नका, जूल विचारा आणि ते बिलावर लिहून घ्या. पक्कं बिल कायम जपून ठेवा, पुढे रायफल विकताना तेच कामाला येतं.

आतमध्ये काय असतं? तीन प्रकार

*१. स्प्रिंग पिस्टन.* नळी मोडून किंवा लिव्हर ओढून आतली जाड स्प्रिंग दाबायची. ट्रिगर ओढला की पिस्टन जोरात पुढे जातो, हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. गंमत अशी की छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्टनच्या हालचालीने रायफल मागे-पुढे हिसका खाते. तुम्ही ती प्रत्येक वेळी अगदी तशीच धरली नाही, तर हिसकाही प्रत्येक वेळी वेगळा. माझे पाच शॉट तळहातभर पसरले ते यामुळेच. नवशिक्याला आपली चूक कोणती आणि रायफलची कोणती, हेच कळत नाही. फायदे: स्वस्त, दणकट, वेगळी हवा भरावी लागत नाही. एक लक्षात ठेवा, छर्रा न घालता ही रायफल कधी चालवू नका. पुढे हवेची उशी नसल्याने पिस्टन थेट आपटतो आणि रायफल खराब होते.

*२. सिंगल स्ट्रोक.* बाजूचा लिव्हर एकदाच उघडून बंद केला की एका शॉटपुरती हवा साठते. हिसका जवळपास नाही. जुन्या मॅच रायफलींत हा प्रकार भरपूर सापडतो आणि काही क्लबांत त्या अजून ठणठणीत आहेत. अडचण एकच: प्रत्येक शॉटला लिव्हर ओढायचा, त्यामुळे लहान मुलं लवकर दमतात आणि अंगाची ठेवण मोडते.

*३. पीसीपी, म्हणजे आधीच दाबलेली हवा.* नळीखालच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बारपर्यंत हवा भरलेली असते. रेग्युलेटर प्रत्येक शॉटला सारख्याच दाबाने हवा देतो. हिसका नगण्य, वेग जवळजवळ सारखा, एका भरण्यात शंभराहून कितीतरी जास्त शॉट. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, अन्शुट्झ, स्टायर या कंपन्यांच्या आजच्या मॅच रायफल याच प्रकारातल्या. बहुतेकींत कोरड्या सरावाची सोय असते: ट्रिगर तसाच चालतो, हवा सुटत नाही. तोटा: किंमत लाखांत, आणि हवा भरायला क्लबचा टँक किंवा हातपंप लागतो.

स्पर्धेचं ध्येय असेल तर शेवटी पीसीपीवरच यायचं आहे. पण एक अपवाद सांगतो. शालेय स्पर्धांमध्ये ‘ओपन साइट’ आणि ‘पीप साइट’ असे वेगळे गट असतात. शाळेकडून ओपन साइटमध्ये उतरणार असाल तर साधी रायफलही उपयोगी ठरते. त्यामुळे आधी क्रीडाशिक्षकांना गट विचारा आणि मगच दुकानात जा.

आणि हो, दुर्बीण. १० मीटरच्या आंतरराष्ट्रीय प्रकारात ती चालतच नाही. मागे बारीक छिद्राची पीप साइट आणि पुढे गोल रिंग, एवढंच. माझी दुर्बीण दुसऱ्या दिवशीच कपाटात गेली.

अंगाला बसते का? पाच चाचण्या

चप्पल घेताना आपण पायात घालून बघतो. इथेही तेच करायचं, फक्त जरा जास्त काळजीने. आणि कोणतीही चाचणी करण्याआधी रायफल रिकामी आहे हे स्वतः उघडून बघायचं.

१. लांबी. कोपर काटकोनात वाकवा, बट कोपराच्या आतल्या खोबणीला टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर सहज ट्रिगरवर आलं पाहिजे. हात ताणावा लागला तर रायफल लांब आहे.

२. गाल. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल आरामात टेकवा. आता डोळा उघडा. समोरची रिंग मागच्या छिद्राच्या बरोबर मधोमध दिसली पाहिजे. मान वाकवावी किंवा गाल उचलावा लागला तर गालपट्टी खालीवर करून बघा. ती हलतच नसेल तर ती रायफल तुमच्यासाठी नाही.

३. वजन. नियमाने कमाल ५.५ किलो. पण ती कमाल आहे, सक्ती नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने साडेपाच किलो घेऊन साठ शॉट उभं राहायचं म्हणजे पाठीची वाट. मुलं मग कंबर जास्त मागे वाकवून वजन पेलतात आणि तीच सवय लागते. ज्युनिअर मॉडेल हलकी आणि आखूड असतात. सुरुवातीला स्टँडवर टेकवून सराव केला तरी काही कमीपणा नाही.

४. ग्रिप. पंजा घट्ट आवळावा न लागता बोट मोकळं राहतं का? डावखुऱ्यांनी जास्त सावध राहावं, कारण बऱ्याच ग्रिप उजव्या हाताच्याच असतात.

५. डोळा. दोन्ही हातांचा छोटा त्रिकोण करून त्यातून लांबची एखादी वस्तू बघा, दोन्ही डोळे उघडे ठेवून. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू त्रिकोणातच राहते तो तुमचा प्रमुख डोळा. हात उजवा आणि डोळा डावा निघाला तर घाबरू नका, पण रायफल घेण्याआधी प्रशिक्षकांना सांगा. कोणत्या खांद्याने शिकायचं हे तिथे ठरतं, आणि ग्रिप कोणती घ्यायची हेही.

आता ट्रिगर. चांगल्या ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात बोट हलकेच मागे जातं, मग एक स्पष्ट भिंत लागते, त्यानंतर अगदी थोडा दाब दिला की शॉट. एअर रायफलच्या ट्रिगरला किमान वजनाची अट नाही, त्यामुळे मोठे खेळाडू तो फार हलका ठेवतात. तुम्ही सुरुवातीला जरा जड ठेवा. बोट टेकताच शॉट सुटायला लागला की बोट ट्रिगरला घाबरतं, आणि ती भीती काढायला महिने जातात.

नवी, जुनी की कोणतीच नाही?

आमच्या घरी खरा प्रश्न इथे उभा राहिला. पहिली रायफल फुकट गेल्यावर मी हट्टाला पेटलो की आता बाहेरच्या देशातलीच घ्यायची. बाबा म्हणाले, “ठीक आहे, एफडी मोडतो.” ती एफडी ताईच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी होती. हे मला माहीत होतं, आणि तरीही मी गप्प बसलो होतो.

थांबवलं मॅडमनी. बाबांना रेंजवर बोलावून म्हणाल्या, “काका, सहा महिने क्लबच्या रायफलवर काढू दे त्याला. तोवर टिकला तर आपण बोलू. आणि अजून दोन इंच वाढणार आहे तो.”

मी टिकलो, आणि वाढलो दोन नाही, तीन इंच. तेव्हा घेतली असती तर स्टॉक आणि जॅकेट दोन्ही आखूड पडले असते. सात महिन्यांनी क्लबमधल्याच एका सीनिअरची वापरलेली पीसीपी घेतली. एफडीला हात लागला नाही.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिले सहा महिने रायफल विकत घेऊ नका. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात आहे, कोल्हापुरात दुधाळीला आहे. इतर बऱ्याच शहरांतही क्लब आहेत. चौकशीत पहिला प्रश्न फीचा नको. “क्लबची रायफल सरावाला मिळते का, आणि आठवड्यातून किती वेळ?” हा विचारा.

वापरलेली रायफल बघायला जाताना ही यादी फोनमध्ये ठेवा:

- सिलिंडरची तारीख. त्यावर छापलेली असते. साधारण १० वर्षांनंतर तो स्पर्धेत चालत नाही, आणि सुरक्षितही मानत नाहीत. नवा घ्यायचा असेल तर तो खर्च किमतीतून वजा करा.
- गळती. संध्याकाळी गेजचा आकडा फोटोत टिपा, सकाळी पुन्हा बघा. दाब उतरला असेल तर सील बदलावे लागतील.
- ग्रुप. रायफल नीट टेकवून एकाच डबीतले पाच छर्रे मारा. जवळपास एकच भोक पडलं पाहिजे.
- नंबर आणि बिल. रायफलवरचा नंबर आणि मूळ बिलावरचा नंबर जुळलाच पाहिजे. बिल नाही तर व्यवहार नाही, मग किंमत कितीही गोड असो.
- सुटे भाग. सील, सिलिंडर, ग्रिप मिळतात का आणि कोण बसवून देतं?

सोबत प्रशिक्षकांना न्या. विकणारा कितीही ओळखीचा असला तरी न्या.

बजेट फक्त रायफलचं नसतं

छर्रे रोज लागतात. मॅचसाठी सपाट डोक्याचे ४.५ मिलिमीटरचे घेतात, कारण ते कागदावर गोल, स्वच्छ भोक पाडतात. डबीत साधारण ५०० असतात. रोज साठ मारले तर आठ-नऊ दिवसांत डबी संपते, हा हिशोब आधीच मांडा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुवायचे आणि रेंजवर काही खायचं नाही.

जाड जॅकेट, पॅन्ट आणि बूट पाठीला आधार देतात, पण अंगाच्या मापाचे असतात. उंची वाढत असताना वापरलेले घ्या किंवा क्लबचे वापरा. पैसे अपुरे असतील तर माझा क्रम असा: आधी प्रशिक्षण आणि छर्रे, मग जॅकेट, शेवटी रायफल.

फोनचा खरा उपयोग

रिव्ह्यू बघण्यापेक्षा फोन इथे वापरा. स्लो मोशनमध्ये, २४० फ्रेमवर, कुणाला तरी बाजूने तुमचा खांदा आणि बोट शूट करायला सांगा. शॉटच्या क्षणी खांदा उचलला जातोय का, बोट झटका देतंय का, लगेच दिसतं. रोजच्या टार्गेटचा फोटो आणि दोन ओळी नोंद ठेवा. महिन्याभराने फोटो ओळीने बघा, चुकीची दिशा आपोआप कळते.

घरी कोरडा सराव करायचा तर भिंतीवर १५ मिलिमीटरचा काळा गोल चिकटवा आणि ५ मीटरवर उभे राहा. तो १० मीटरवरच्या काळ्या भागाएवढाच दिसतो. फक्त त्या खोलीत छर्र्यांची डबी नको, रायफल रिकामी असल्याची खात्री दोनदा करायची आणि गोल चिकटवलेल्या भिंतीपलीकडे कुणाची ये-जा नको.

फायरिंग लाइनवर मात्र फोन बंद करून बॅगेत.

शेवटचं, पण पहिलं

एअर रायफल खेळणं नाही. जवळून डोळा जाऊ शकतो, जीवही. नळी कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. शॉट मारायचा नसेल तेव्हा नळीत भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग. घरी कुलपात, छर्रे वेगळ्या जागी. गच्चीवरून पक्ष्यांवर नेम धरणं हा सराव नाही, बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

माझी ती पहिली ‘पॉवरफुल’ रायफल अजून कपाटावर पडून आहे, कुलपात. विकावीशी वाटत नाही. क्लबमध्ये कुणी नवीन मुलगा वेगाचे आकडे सांगायला लागला की मी ती काढून रेंजवर नेतो. पाच शॉट तिने मारायला लावतो, पाच क्लबच्या रायफलने. मग दोन्ही कागद त्याच्या हातात देतो.